गरम अस्तर

कोल्हापूरचा माणूस थंडी वाजते असं तोंडानं कधी कबूल करत नाही. कानाला टॉवेल गुंडाळलेला असतो, दोन्ही पंजे काखेत असतात, दात वाजत असतात, पण विचारलं तर म्हणणार, "हवा बरी पडलीया." माझ्याकडं कामाचे कपडे शिवायला येणाऱ्या माणसांकडून खरी गोष्ट काढून घ्यायला मला दर वेळी दहा-पंधरा मिनिटं लागायची. कामावर किती वाजता जाता, उन्हात असता की सावलीत, घाम येतो का, घाम आल्यावर कुठं बसता, असं सगळं विचारत बसायचं. लोक वैतागायचे. "अक्का, पँट शिवायची हाय, सोयरीक न्हाई करायची," असं एकानं मला तोंडावर सांगितलं होतं.

उद्यमनगरातल्या एका बोळात माझं दुकान होतं. लग्नाचे सूट, शाळेचे गणवेश वगैरे मी कधी शिवले नाहीत. फौंड्रीत भट्टीपुढं घालायचे चामड्याचे एप्रन, वेल्डिंगवाल्यांच्या बाह्या, गुऱ्हाळात काहिलीजवळ उभं राहणाऱ्यांसाठी जाड पोटपट्टे, असली माझी गिऱ्हाइकी. सासऱ्यांचं चामड्याचं शिलाई मशीन होतं, ते मी लग्नानंतर दोनच वर्षांत हाताखाली घेतलं. त्या मशीनची सुई दाभणाएवढी. म्हशीच्या चामड्याचे चार पदर एकावर एक ठेवले तरी ती अडायची नाही. मला त्या मशीनचा आणि स्वतःच्या हाताचा फार अभिमान होता. तो कुठं नडला ते पुढं येईलच.

लाकूडतोडीची माणसं माझ्याकडं फार उशिरा आली. पूर्वी कुऱ्हाड आणि करवत होती. मग पेट्रोलवर चालणारं, दातेरी साखळी गरगर फिरणारं मशीन आलं. आमच्याकडं त्याला नुसतं 'कटर' म्हणतात. कुऱ्हाड चालवणारा माणूस अंगावर काय घालतो याला फारसा अर्थ नसतो. कटरवाल्याचं तसं नाही. त्याच्या अंगावरचं प्रत्येक लोंबतं टोक ही त्या साखळीसाठी एक दोरी असते.

हे मला शिकवलं एका मफलरनं. मारुती मुकादम म्हणून लाकूडतोडीच्या टोळीचा एक म्होरक्या होता. तो एका सकाळी माझ्या दुकानात आला आणि काउंटरवर अर्धा मफलर टाकला. तपकिरी लोकरीचा, घरी विणलेला.

"उरल्याला कुठं हाय?" मी विचारलं.

"मशीननं खाल्ला. गड्याच्या गळ्यातनं वडून घेतला. गाठ सुटली म्हणून गडी ऱ्हायला. आता अक्का, थंडीचं काय करायचं ते तुमीच सांगा."

त्या दिवशी मी एका जुन्या स्वेटरची बाही कापली, दोन्ही टोकं दुमडून शिवली आणि त्याच्या हातात दिली. डोक्यातून घालायची, गळ्याभोवती बसते, लोंबायला काही राहत नाही. मुकादमानं ती गळ्यात घालून आरशात बघितलं आणि म्हणाला, "रेडकागत दिसतोय." पण पुढच्या आठवड्यात येऊन अकरा बाह्या शिवून नेल्या.

त्यानंतर मी या कामाचा जरा अभ्यासच केला. बाहेरच्या माणसाला वाटतं, थंडी आहे तर जाड घाला, संपलं. पण कटरवाला अर्ध्या तासात घामानं निथळतो. मग फांद्या ओढायला दुसरे पुढं होतात आणि हा बाजूला बसतो. बसला की तोच घाम गार पडतो आणि हाडात शिरतो. म्हणून अंगाला लागून सुती बनियन नको. ते घाम धरून ठेवतं. त्यापेक्षा आपली फुटबॉलवाली पोरं घालतात तसला सुळसुळीत, लगेच वाळणारा टी-शर्ट बरा. त्यावर अंगाबरोबर बसणारा लोकरी स्वेटर. वरचं जाकीट मनगटाला आणि कमरेला घट्ट, नाड्या नसलेलं, आणि लांबून दिसेल अशा भडक रंगाचं, कारण धुक्यात झाड पाडताना खाली कोण उभं आहे ते दिसलं पाहिजे. हेल्मेटच्या आत माकडटोपी घालायची नाही. हेल्मेट डगमगतं आणि कानावरची झापडं नीट बसत नाहीत. हातमोज्याचे दोन जोड लागतात. दवानं एक भिजला की दुसरा घालायचा. मशीनची थरथर आणि गारठा दोन्ही एकदम बोटांना लागले तर बोटं खडूसारखी पांढरी पडतात, आणि मग मशीनचा घोडा दाबला आहे की सोडला आहे हेच कळत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काम सुरू करताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. सुरुवातीलाच उबदार वाटलं तर कपडे जास्त झालेत असं समजायचं.

एवढं सगळं मला कळत होतं. म्हणूनच तानाजी माझ्याकडं आला.

तानाजी मुकादमाच्या टोळीतला पहिल्या नंबरचा कटरवाला. चाळिशीचा, उंच, गगनबावड्याच्या अलीकडच्या एका वाडीतला. बोलायला कमी. चहा द्यावा तर "नगो, आत्ताच घेतलाय," म्हणायचा आणि दिला की दोन घोटांत संपवायचा. त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांच्या टोळीला घाटाकडच्या रस्त्यालगतची झाडं काढायचं मोठं काम मिळालं होतं. कंपनी बाहेरची होती. तिच्या साहेबांनी आठ जणांना हेल्मेट दिली, बूट दिले आणि परदेशी बनावटीच्या आठ पँटी दिल्या. पँटी घातल्याशिवाय कटरला हात लावायचा नाही, असा दम भरला.

तानाजी त्या पोत्यात घालून घेऊन आला आणि एक काढून पुढं केली. मी हातात घेतली. वजनाला बरीच होती, पुढच्या बाजूला मांडीपासून खालपर्यंत आत काहीतरी भरलेलं होतं. मागची बाजू मात्र साधी.

"अक्का, ही लई चांगली हाय म्हणत्यात. पर सकाळच्या पारी मांड्या बधीर हुत्यात. कापडच गार हाय. आत जुनी पायजमी घातली तर गोळा हुतीया, चालाय येत न्हाई उताराला. पोरं काडून ठेवाय लागल्यात. सायबानं बगितलं तर काम जाईल. हेच्या आतनं काय तरी गरम लावून द्या."

मी म्हटलं, "लावतो की. त्यात काय." (आमच्याकडं बायकाही 'लावतो', 'करतो' असंच म्हणतात.)

"सोमवारपातुर आठबी पायजेत."

तो दिवस शुक्रवार होता.

मी काय केलं ते आता सांगते, कारण त्याच्यासाठीच हे लिहायला घेतलं आहे. आतून जाड फ्लॅनेल घेतलं. फ्लॅनेलच्या आत रजईत भरतात तसला पातळ फायबर घातला. आता हे अस्तर चालताना खाली घसरू नये, गोळा होऊ नये, म्हणून ते पँटीला पक्कं धरून ठेवायला हवं. गोधडीला आपण टाके घालतो तसे. मी चामड्याच्या मशीनवर पँट चढवली आणि कमरेपासून गुडघ्याच्या खालपर्यंत, चार-चार बोटांवर, आडव्या-उभ्या शिलाया मारल्या. वरच्या कापडातून, आतल्या भरावातून, फ्लॅनेलमधून, सगळ्यातून आरपार. दुसरी कुणी शिंपीण असती तर तिची सुई मोडली असती. माझी मोडली नाही.

पँटीच्या आत कमरेशी एक जाड टॅग होता. टॅग कसला, पुस्तकच होतं. बारीक अक्षरांची सात-आठ पानं एकत्र शिवलेली. बहुतेक पाच-सहा भाषा होत्या. मराठी नव्हती. मला इंग्रजी येत नाही. माझी सून दीपा शिकलेली, दुकानाचे कागद तीच बघते. एकदा मनात आलं की तिला हे वाचायला सांगावं. पण ती त्या दिवशी माहेरी गेली होती, रविवारी येणार होती. आणि टॅग अस्तराच्या आड येत होता. मी तो कापला. आठही कापले आणि चिंध्यांच्या पोत्यात टाकले.

सोमवारी तानाजी पँटी घेऊन गेला. तिथंच एक चढवून बघितली. खाली बसला, उठला, पाय उचलून स्टुलावर ठेवला. "आता कसं," म्हणाला. एवढंच. पण त्याच्या तोंडून तेवढंही खूप होतं. दीपा रविवारी आली होती, पण तोवर माझ्या डोक्यातून टॅग निघून गेला होता. काम झालं होतं.

पंधरा-सोळा दिवस गेले. एका दुपारी मुकादमाचा फोन आला.

"अक्का, तानाजीच्या मांडीत मशीन गेलं. फांदी ताणात हुती, मशीन उसळलं. सरकारी दवाखान्यात आणलाय." मग म्हणाला, "ती पँट काय कामाची न्हाई निघाली वो. लोण्यागत फाटली."

मी तशीच निघाले. दवाखान्यात त्याला आत नेलं होतं. बाहेर बाकावर त्याची बायको आनंदी बसली होती. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. अंगावर शेतातलंच लुगडं, पायांना चिखल वाळलेला. तिच्या शेजारी एक प्लास्टिकची पिशवी. नर्सनं कापून काढलेले कपडे त्यात घालून दिले होते. मी कोण ते सांगितलं आणि विचारलं, "पँट बघू?" तिनं पिशवी माझ्याकडं सरकवली.

पँट रक्तानं कडक झाली होती. उजव्या मांडीवर वीतभर लांब फाट. मी ती दोन्ही हातांनी उघडली. आतल्या भरावाचे पदर मला त्या वेळी पहिल्यांदा नीट दिसले. ते कापड नव्हतंच. लांबच लांब, सुटे, रेशमासारखे धागे होते, थरावर थर. आणि ते सगळे माझ्या चौकड्यांच्या मापानं, चार-चार बोटांचे तुकडे होऊन, जागच्या जागी कापले गेले होते. माझ्या शिलाईनं त्यांना दोन्ही बाजूंनी गच्च धरून ठेवलं होतं.

माझं माहेर इचलकरंजीचं. वडील यंत्रमागावर कामाला होते. लहानपणी त्यांना जेवण द्यायला जायची तेव्हा परकर खोचून घे म्हणून ते ओरडायचे. सुटा धागा फिरत्या चाकात गेला की गुंडाळत जातो, गुंडाळत जातो आणि शेवटी चाक अडतं, हे मी डोळ्यांनी शंभरदा बघितलेलं. त्या पँटीची सगळी करामत तीच होती. साखळीनं वरचं कापड फाडलं की आतले सुटे धागे बाहेर ओढले जायचे, साखळीच्या चाकात गुंतायचे आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मशीन बंद पडायचं. धागे सुटे असले तरच. मी ते बांधून टाकले होते.

विणकराची लेक मी. हे मला दवाखान्याच्या बाकावर कळलं.

घरी येऊन मी चिंध्यांचं पोतं जमिनीवर उलटं केलं. दीपानं एक टॅग शोधून काढला आणि उभ्या उभ्या वाचला. मग पहिल्यापासून पुन्हा वाचला. "सांग की," मी म्हटलं.

"आई, यात लिहिलंय की संरक्षक भागातून शिलाई मारू नये. कुठलाही बदल केला तर पँट वापरू नये."

"अजून?"

"एवढंच. पण ठळक अक्षरांत आहे."

आठ शिवल्या होत्या. सात अजून घाटात होत्या, सात माणसांच्या अंगावर.

मी मुकादमाला फोन लावला. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा लागला. मी सांगितलं, उद्या कुणी ती पँट घालून कटर धरायचा नाही. तो म्हणाला, "अक्का, आधीच आजचा दिवस गेलाय, सायेब माज्या नावानं ठणाणा करालाय. पँटीबिगार काम करू देणार न्हाई. बगू उद्या." आणि फोन कट झाला. नंतर लागलाच नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी निघाले. दीपा येते म्हणत होती, तिला नको म्हटलं. पुढं पुढं धुकं इतकं दाट झालं की ड्रायव्हर दिवे लावून, हॉर्न वाजवत चालला होता. जिथं रस्त्याकडेला ओंडके रचलेले दिसले तिथं मी उतरले. कटरचा आवाज येत होता, पण कुठून ते कळत नव्हतं. दवानं झाडं ठिबकत होती. मी आवाजाच्या रोखानं उतार चढू लागले. चपलेखाली भुसा आणि ओला पाला. हाका मारल्या, पण कानावर झापडं लावलेल्या माणसाला काय ऐकू येणार!

एकदम कुणीतरी माझा दंड धरून मागं ओढलं. मारुती मुकादम होता. पांढराफटक झालेला.

"मरायचं हाय काय तुमास्नी? झाड पडालंय!"

समोर धुक्यात काहीतरी कडाडलं आणि जमीन हादरली. मग मशीन बंद झालं. धुक्यातून एकेक माणूस पुढं आला. सातही जण माझ्या पँटी घालून होते.

मी सांगितलं. जे झालं ते सगळं सांगितलं. पँट कशी काम करते, मी काय केलं, टॅग कसा कापला. मला वाटलं होतं कुणीतरी शिव्या देईल. कुणी दिल्या नाहीत. मग एकानं हळूच आपल्या मांडीवर हात ठेवला, दुखऱ्या जागी ठेवतात तसा.

"काढा," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

सगळ्यात वयस्कर गुंडूतात्या. मूळचे कुऱ्हाडीच्या काळातले. ते ओंडक्यावर बसले आणि म्हणाले, "अक्का, थंडीनं मरायचं का मशीननं, येक काय ते सांगा. म्हंजे तयारीला लागतो."

मी रिकाम्या हातानं गेले होते. दुसरं काही घालायला न्यावं हे मला सुचलंच नव्हतं. सात माणसं झाडांच्या आड जाऊन कमरेला टॉवेल गुंडाळून बाहेर आली. उघड्या पोटऱ्यांवर काटा आलेला. मी पँटी गोळा करत होते आणि माझ्या हातांना त्या गरम लागत होत्या.

तेवढ्यात कंपनीचा साहेब जीपमधून उतरला. तरुण, पुण्याकडचा असावा. काम का थांबलं विचारू लागला. मुकादम पुढं झाला आणि घाईघाईनं म्हणाला, "कालच्याच भानगडीचं हाय साहेब. मी सांगितलं न्हवं, तो तानाजी जरा घेऊन आलता..."

मी चमकले. घेऊन म्हणजे दारू. बाकीची माणसं खाली बघू लागली. मुकादमाला काम टिकवायचं होतं. मेलेल्याच्या आणि आडव्या पडलेल्याच्या नावावर काहीही खपतं.

"तानाजी दारूला शिवत नाही," मी म्हटलं. "हे सगळे सांगतील. पँट मी बिघडवली." आणि जवळची एक पँट साहेबापुढं धरून शिलाई दाखवली. त्यानं बोट फिरवून बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"तुम्हाला हे लिहून द्यावं लागेल बाई."

"देतो."

जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यानं लिहिलं, मला वाचून दाखवलं, आणि मी खाली सही केली. माझी सही वाकडीतिकडी येते. त्या दिवशी जास्तच आली. गुंडूतात्या उठून आले आणि म्हणाले, "माजाबी अंगठा घ्या. पोरगं पीत न्हवतं." मग एकेक करत बाकीचेही आले. मुकादम लांब उभा राहून विडी पेटवत होता. त्याच्याकडून काडी पेटत नव्हती.

त्या सात पँटी उसवून पूर्वीसारख्या होण्यातल्या नव्हत्या. धाग्यांना भोकं पडली होती. पुन्हा कुणी चुकून घालू नयेत म्हणून मी त्या कात्रीनं उभ्या फाडल्या. कंपनीनं नव्या मागवल्या. त्या येईपर्यंत काम बंद, म्हणजे त्या माणसांची हजेरीही बंद. तेवढ्या दिवसांत मी सात वेगळ्या आतल्या पँटी शिवल्या. मऊ फ्लॅनेल, कमरेला इलास्टिक, घोट्याला घट्ट पट्टी, मांडीबरोबर बसणारं बेतशीर कापड, म्हणजे गोळा होत नाही. वरच्या पँटीला एक टाकाही लागत नाही. आत ही घालायची, वर ती. झालं. एवढंच करायचं होतं. पहिल्याच दिवशी अर्धा तास डोकं चालवलं असतं तर सुचलं असतं. पण माझ्या हाताशी आरपार जाणारी सुई होती ना.

आता तानाजीचं. पाय राहिला. कापावा लागला नाही. पण मांडीचा पुढचा मोठा स्नायू तुटला होता. डॉक्टरांनी जोडला, पण तो पूर्वीसारखा कामाला आला नाही. सपाटीवर चालता येईल, उतारावर उभं राहून मशीन धरता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

तो वॉर्डात आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेले आणि दोघांपुढं सगळं सांगितलं. तानाजी छताकडं बघत ऐकत होता. माझं बोलून झालं. मग आनंदी म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं.

"तुमाला वाचाय येत न्हवतं, तर इचारायचं हुतं की वो. मला वाचाय येत न्हाई, मी एसटीचा बोर्डबी इचारून बसतो."

तानाजी म्हणाला, "मीच सांगितलं हुतं त्यास्नी शिवा म्हणून." आणि भिंतीकडं तोंड केलं. ते माझ्या बाजूनं बोलला की मला आता जा म्हणून सांगत होता, ते मला अजून कळलेलं नाही.

पुढं दोन-तीनदा मी त्याच्या वाडीला गेले. तो घरात असायचा पण बाहेर यायचा नाही. आनंदी पाणी द्यायची, चहा द्यायची, माझी विचारपूस करायची आणि "झोपल्यात," म्हणायची. मग मी जायचं बंद केलं. माझ्या लिहून देण्यामुळं कंपनीच्या कागदात त्याच्या नावावर लागलेला दारूचा डाग गेला, हे मला नंतर गुंडूतात्यांकडून कळलं. मुकादम माझ्याकडं पुन्हा आला नाही. दोन फौंड्रीवाल्यांनीही काम देणं थांबवलं. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. जिच्या हातची शिवण अंगावर असताना माणसाची मांडी चिरली जाते, तिच्याकडं भट्टीपुढं घालायचा एप्रन कोण टाकील?

उरलेली वर्षं मी दुकान चालवलं, पण थोड्या कामावर. एक नियम केला. कपड्यावर कुठल्याही भाषेत काहीही लिहिलेलं असलं तर दीपानं मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय मशीनचं चाक फिरवायचं नाही. गिऱ्हाईक खोळंबलं तर खोळंबू दे. एकदा एका साध्या रेनकोटावरचा टॅग आम्ही दोघींनी अथपासून इतिपर्यंत वाचला. त्यात फक्त इस्त्री करू नका एवढंच होतं. गिऱ्हाईक हसत होतं. मला हसू आलं नाही.

आणि मग एका सकाळी तानाजी आला.

तीन वर्षं झाली होती. काठी टेकत पायरी चढला, बाकावर बसला. केस पांढरे झाले होते. दूध डेअरीत कॅन मोजायच्या कामावर असतो म्हणाला. बसून करायचं काम. मी चहा सांगितला. त्यानं नको म्हटलं नाही.

"पुतणीचं लगीन हाय," तो म्हणाला. "पँट शिवायची हाय."

"तानाजी, मी लग्नाचे कपडे शिवत नाही रे. पलीकडं चांगला शिंपी आहे..."

"तेच्याकडं गेलतो. तेनं शिवली. येक पाय बसला, दुसरा वाऱ्यावर फडफडालाय. लोकं बगत्यात." त्यानं काठी भिंतीला टेकवली आणि उठून उभा राहिला. "तुमी शिवा."

कुठलाही शिंपी मांडीचं माप एकाच पायाचं घेतो आणि दोन्ही पाय त्याच मापानं कापतो. वर्षानुवर्षं मीही तेच केलं होतं. मी टेप घेऊन त्याच्यासमोर गुडघ्यावर बसले. आधी डावी मांडी. एकवीस इंच. लिहून घेतलं. मग उजवीकडं टेप नेला. कापडाखाली हाताला तो खड्डा लागला. टेप सरकला आणि मला पुन्हा लावावा लागला. तो हलला नाही. साडेसोळा.

"डॉक्टर म्हणतोय, व्यायाम केला तर भरंल," वरून त्याचा आवाज आला. "गेल्या म्हैन्यात तेनं मोजलं तवा साडेसोळा हुतं. आता किती हाय?"

मी वर बघितलं. तो माझ्याकडं बघत नव्हता, दारातून बाहेर रस्त्याकडं बघत होता. सतरा म्हणावं असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

"तेवढंच हाय," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली.

"मग तसंच कापा."

मी वहीत एका माणसाच्या नावापुढं दोन मांड्या लिहिल्या, कापड पसरलं आणि दोन पाय दोन मापांनी कापले.